परचुऱ्यांच्या दुर्बिणीचं झाकण

परचुरे कधीकधी दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण मुद्दाम न काढताच लोकांना आत बघायला लावायचे. "दिसला शनी?" "हो, काय सुंदर कडं आहे," असं कोणी म्हणालं, की शांतपणे झाकण काढून दाखवायचे. "न दिसलेलं दिसलं म्हणायचं नाही. पहिला धडा हाच. ज्या दिवशी मी तसं म्हणेन, त्या दिवशी दुर्बीण उचलून न्या."

निवृत्त कारकून माणूस. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी येईल त्याला आकाश दाखवायचे, तेही फुकट. फुकटची वस्तू मी दोनदा तपासून घेतो. हातगाडीपासून सुरुवात करून बुधवार पेठेत दिव्यांचं दुकान उभं केलंय. मला सहसा कोणी फसवत नाही. पण पहिल्याच रविवारी गच्चीभर माणसांसमोर मी त्या झाकणातून शनी पाहिला.

"शेठ, गिऱ्हाइकालाही असंच दाखवता का?" परचुरे म्हणाले.

सगळे हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही.

पुढे समोरच्या मैदानाला मी मोठे दिवे पुरवले. परचुरे दुकानात आले. "अहो, त्यांना वरून आडोसा बसवा. उजेड जमिनीला हवाय, आकाशाला नको."

"मी दिवे विकतो काका, अंधार विकत नाही," मी ताडकन म्हणालो. ते पायरी उतरून गेले. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

आकाश पिवळट होत गेलं, माणसं येईनाशी झाली. काचबिंदूने परचुऱ्यांची नजरही जात होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. जिन्यात कठडा चाचपडणारा त्यांचा हात मी पाहिला होता.

शेवटच्या रविवारी गच्चीवर मी एकटाच होतो. का जायचो, ते मला विचारू नका. त्यांनी बराच वेळ दुर्बीण फिरवली, डोळा लावला. "हं, सापडला. कडं छान दिसतंय. या शेठ."

मी वाकलो. सगळं काळं. झाकण तसंच होतं. इतकी वर्षं जपून ठेवलेला टोमणा अगदी ओठांवर आला.

"काय दिसलं?"

"शनी," मी म्हणालो. "कड्यासकट."

ते खूश झाले. नळीवरून प्रेमाने हात फिरवत पुढे सरकले आणि टोकाशी थांबले. बोटांना झाकण लागलं होतं.

"आज मी हे मुद्दाम ठेवलं नव्हतं," ते म्हणाले. "उचला दुर्बीण."

"काका, पुढच्या रविवारी..."

"उचला म्हटलं ना."

ते पुन्हा गच्चीवर आले नाहीत. पावसाळा संपायच्या आत गेलेच. दुर्बीण माझ्या गोदामात दिव्यांच्या खोक्यांमागे पडून आहे. दुसऱ्या कोणासाठी म्हणून मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, तेवढंही त्यांनी चालू दिलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.