तांदळातलं नाव

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि जालन्याच्या एका शाळेत शिकवत होते. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं. ते सासूनं ठरवलं होतं, त्यांच्या देवीचं. माझ्या दाखल्यावर, ट्रेनिंगच्या प्रमाणपत्रावर, शाळेच्या मस्टरवर जुनंच नाव होतं आणि ते मला आवडायचं. म्हणून मी ठरवलं, नव्या नावाला ओ द्यायचीच नाही. वडीगोद्रीला सासरी गेले की सासू ओसरीवरून त्या नावानं हाक मारायची आणि मी आत भाकरी थापत बसायची. तीन-चार हाका झाल्या की ती उठून दारात यायची.

"कानात बोळे घातले का गं?"

"मला होय? मला वाटलं दुसऱ्या कुणाला."

आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा मात्र जिंकल्यासारखं वाटायचं. वर्षभरात तिनं हाक मारणंच सोडलं. "मास्तरीण" म्हणायला लागली, तेही शेजारणीला म्हणावं तसं. नवरा मला जुन्याच नावानं बोलवायचा, त्यामुळे मला कशाची फिकीर नव्हती.

तो सरकारी खात्यात कारकून होता. त्याची बदली कोकणात झाली, समुद्रकाठच्या एका गावात, जिथं पुण्या-मुंबईची माणसं हवा खायला जातात. तिथल्या कर्मचाऱ्यांनी मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि त्यानं एक फ्लॅट घेतला. तिसरा मजला, दोन खोल्या. खिडकीतून समुद्र दिसतो असं त्यानं पत्रात कळवलं होतं, आणि पुढं कंसात, मान जरा वाकडी केली तर. मी जूनपासून तिथं जायचं ठरलं होतं. तिथल्या एका शाळेनं घेतो म्हणून कळवलंही होतं. दुष्काळाचे दिवस नुकतेच सरले होते. घागरी घेऊन टँकरमागं धावलेली मी, नळ असलेल्या स्वयंपाकघराची स्वप्नं बघत होते.

मार्चमध्ये त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला.

रडून व्हायच्या आत जालन्यातल्या घरमालकानं सांगितलं की मे अखेर खोली सोडा, एकट्या बाईला ठेवणं बरं दिसत नाही. माहेरी कुणी उरलं नव्हतं. म्हटलं, ठीक आहे, समुद्राकाठी दोन खोल्या आहेत, तिथं जाऊन राहू. मी संस्थेला अर्ज केला. उत्तर आलं. मयत सभासदानं वारस म्हणून पत्नीचं नाव दिलेलं आहे, पण ते तुमचं नाव नाही.

त्यानं तांदळातलं नाव लिहिलं होतं. जे त्यानं आयुष्यात एकदाही तोंडानं उच्चारलं नाही, ते! सरकारी कागद पुढं आला की तो एकदम आईचा मुलगा व्हायचा, रीतसर म्हणजे रीतसर. मी त्याच्यावर इतकी चिडले, इतकी चिडले, की फोटोसमोर उभी राहून भांडले. मग मला आठवलं की भांडायला आता कुणी नाही.

वर थोरल्या दिरांनीही संस्थेला पत्र धाडलं होतं. त्या नावाची बाई आमच्या घरात नाही, तरी फ्लॅट भावाकडं यावा. एका परीनं त्यात खोटं काहीच नव्हतं. संस्थेचं म्हणणं, तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र करा, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत अशी नवऱ्याच्या रक्ताच्या नातेवाइकाची साक्ष जोडा, आणि हे सगळं तीस दिवसांत. नाहीतर दिरांच्या अर्जाचा विचार होईल. लग्नपत्रिकेवर माझं जुनंच नाव. नवं फक्त तांदळात, आणि त्या तांदळाचा त्याच दिवशी भात झाला होता.

नाक मुठीत धरून वडीगोद्रीला गेले. दीर ओसरीवरच बसले होते.

"तुम्हीच म्हणत होत्या ना, हे माझं नाव न्हाई म्हणून? मंग आता कसं काय झालं?"

सासू सुपात ज्वारी निवडत होती. मी तिचे पाय धरले. तिनं सूप बाजूला केलं नाही.

"मला काय इचारती? मी ह्याच्या घरची भाकर खाते."

परतीच्या एसटीत मी पदर तोंडात कोंबून रडले. जालन्यातल्या वकिलानं सांगितलं की बाई, सासूशिवाय दुसरा मार्ग नाही. घरमालक रोज दारावरून जाताना खाकरायचा. शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना माझा हात थांबायचा. एका दुपारी खोलीत एकटी असताना मी ते नाव मोठ्यानं म्हणून बघितलं. जमेना. परक्या बाईला हाका मारतेय असं वाटलं. मग कागद घेतला आणि त्या नावाची सही गिरवत बसले. पान भरलं तरी ती सही माझी वाटेना.

चार दिवस उरले तेव्हा पुन्हा गेले. आता लाज उरली नव्हती. दीर बैल बघायला आष्टीला गेले होते. सासू एकटीच होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "थांब." आत गेली, बऱ्याच वेळानं काखेत पिशवी घेऊन बाहेर आली, कडी लावली. "चल."

काय सांगणार आहे, ते तिनं सांगितलं नाही. अंबडच्या तहसीलला पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडं. तिनं कचेरीत नाही म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं.

कारकुनानं विचारलं, "आजी, ह्या बाईला वळखता का?"

"वळखते."

"नाव काय हिचं?"

सासूनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ती त्या नावाला ओ देत न्हवती."

"आजी, बराबर सांगा. होय का न्हाई?"

ती उठली. व्हरांड्यात गेली, आमच्याकडं पाठ करून उभी राहिली, आणि तिनं हाक मारली. ओसरीवरून मारायची तशीच, लांब सूर काढून. सगळी कचेरी बघायला लागली.

"ओ, आत्याबाई," मी म्हणाले.

तिनं पुन्हा हाक मारली. मी पुन्हा ओ दिली. तिसऱ्या हाकेला मी उठून तिच्यामागं जाऊन उभी राहिले. ती वळली.

"हीच ती. लिवा."

तिनं अंगठा दिला, मी सही केली. शिक्का बसला. बाहेर रणरणतं ऊन होतं. आम्ही स्टँडवर आलो. वडीगोद्रीची गाडी लागलेली होती, मी तिला जागा धरायला पुढं झाले. ती मागंच उभी.

"आत्याबाई, चला ना, गाडी सुटेल."

"आतापोतर कळलं आसंल थोरल्याला. कुणी ना कुणी सांगतंच." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मला घरात घेनार न्हाई त्यो आता."

तेव्हा मी तिच्या काखेतल्या पिशवीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. वरून दुसरं लुगडं दिसत होतं, त्यात गुंडाळलेली मिश्रीची डबी आणि एक वाटी.

"जालन्याची गाडी कुठं लागती?" तिनं विचारलं.