राजीनामा दिला, गूळ खाल्ला

जयपूरच्या चांदपोल दरवाजाबाहेर बस सुटायची वाट बघत होतो, तेव्हाच मला पहिला संशय आला. कंडक्टरने माझी ट्रंक टपावर चढवली, "गरमी में जंगल की नौकरी?" म्हणाला आणि ड्रायव्हरकडे बघून हसला. यात हसण्यासारखं काय होतं?

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. जयपूरजवळच्या जुन्या संस्थानी शिकारीच्या रानाचं अभयारण्य झालं होतं आणि उन्हाळ्यापुरता एक इंग्रजी येणारा माणूस हवा होता. काम एवढंच, की पाहुण्यांना मचाणावर न्यायचं आणि पाणवठ्यावर येणारी जनावरं दाखवायची. बनी पार्कातल्या माझ्या मामांनी शब्द टाकून ती जागा मिळवून दिली. उन्हाळा नीट काढला तर पुढे कायम करायचा विचार होता. नाहीतर साताऱ्याला जाऊन काकांच्या भुसार दुकानात बसायचं, हे वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं. त्या तराजूमागे जन्म काढायची माझी मुळीच तयारी नव्हती.

शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना उघड्या टेकड्या लागल्या. त्यांवर पानं गाळून उभी असलेली झाडं इतकी एकसारखी होती, की त्यांत सांबर उभं असलं तरी कळू नये. शेजारच्या म्हाताऱ्याला झाडाचं नाव विचारलं. तो म्हणाला, "धोक." ते झाडाचंच नाव होतं, पण मला ऐकू आलं 'धोका'.

चौकीवर दोघे भेटले. भँवरजी हे वनरक्षक, भरघोस मिशांचे, कमी बोलणारे. आणि ज्यांना सगळे काकासा म्हणत, ते म्हातारे स्वयंपाकी. "पधारो बाबूजी, राबडी तैयार है," काकासा म्हणाले. तोंडाला पाणी सुटलं. वाटीत आली ती पातळ, आंबट कांजी (इकडची राबडी म्हणजे ताकात आंबवून शिजवलेलं बाजरीचं पीठ). पहिल्याच दिवशी मला नासकं खपवतायत, असं वाटलं. त्यांनीही त्याच भांड्यातून घेतली, तरी मी वाटी हुंगूनच तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी मचाणावरून परतलो तर ट्रंक जागेवर नाही. ती भँवरजींच्या खोलीत सापडली, पण तिच्यावर ठेवलेला, मामीने दिलेला शंकरपाळ्यांचा डबा गायब! मी सगळ्यांसमोर विचारलं, "डिब्बा किसने लिया?" आणि बघितलं सरळ भँवरजींकडे. त्यांचा चेहराच उतरला.

"म्हूँ चोर छूँ काँई?" (मी काय चोर आहे?) एवढं बोलून ते निघून गेले.

थोड्या वेळाने काकासांनी छपरावर बोट दाखवलं. तिथे एक लंगूर माझा डबा मांडीवर घेऊन शंकरपाळे खात बसला होता. लंगुरांच्या भीतीनेच भँवरजींनी ट्रंक आत नेली होती म्हणे; वरचा डबा तेवढा त्याआधीच पळवला गेला होता. पण मग आधी सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळी काकासा जवळच्या वस्तीवरच्या दोघाचौघांना घेऊन आले. मागे भँवरजीही होते.

"बाबूजी," काकासा म्हणाले, "अब राजीनामा कर लो।"

माझं डोकंच फिरलं. तर हा बेत होता! दोन दिवसांत मला हाकलायचं! भुसार दुकान डोळ्यांपुढे आलं, पण अपमान त्याहून मोठा वाटला.

"राजीनामा? ये लो, दे दिया!" मी ओरडलो.

सगळ्यांचे चेहरे खुलले. काकासांनी गूळ आणला आणि भँवरजींनी स्वतःच्या हाताने खडा माझ्या तोंडात घातला. माणसाला घालवायचा, वर त्यालाच गूळ भरवायचा! असला निर्लज्जपणा मी पाहिला नव्हता.

सकाळी ट्रंक उचलली. भँवरजींनी ती माझ्या हातून घेतली आणि बसपर्यंत आणून दिली. मी खरंच जातो ना, हे बघायलाच आले असणार. "जल्दी आना," असंही वर म्हणाले. मी तडक बसमध्ये चढलो.

बनी पार्कात मामेबहीण शैलाने दार उघडलं. ती जयपुरातच वाढलेली. माझी हकिगत ऐकून ती पोट धरून हसायला लागली.

"दादा, राजीनामा मतलब समझौता! नोकरी सोडायची तर इकडे इस्तीफा म्हणतात. मतलब तू भांडण मिटवलंस, गूळ खाल्लास आणि पळून आलास?"

मला धड हसता येईना की रडता येईना. न सांगता कामावरून निघून आलो होतो. आता नोकरी खरंच जाणार होती, आणि तीही माझ्याच करणीने.

मिळेल त्या बसने परत गेलो. चौकीच्या दारात नेमके रेंजरसाहेब उभे.

"आइए," ते म्हणाले. "भँवर कह रहा था, आपको लू लग गई, इसलिए उसने घर भेज दिया।"

मला कसलीच लू लागली नव्हती, ऊनही बाधलं नव्हतं. भँवरजी बाजूला उभे राहून पाणवठ्याकडे बघत होते. मला का वाचवलं, आता बदल्यात काय मागतील, असे संशय सवयीने डोक्यात आले, आणि माझं मलाच हसू आलं.

"उतर गई?" साहेबांनी विचारलं.

"जी," मी म्हणालो, "उतर गई।"