बास्केट होईपर्यंत

सुमनताई वैरागडे यांची आणि माझी पहिली भेट एका बिघडलेल्या झेरॉक्स मशीनपाशी झाली. पेनसिल्व्हेनियातल्या या लहानशा गावात, इथल्या एकुलत्या एक हायस्कूलमध्ये मी गणिताचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मशीनने माझ्या पेपरची प्रत गिळली होती आणि तास सुरू व्हायची वेळ झाली होती. इथे मराठी कळणारे कोणी असणे शक्यच नाही, अशा खात्रीने मी त्या मशीनला म्हणालो, “सावकाश होऊ द्या, आम्हांला दुसरं काही काम नाही.”

“पुण्याचे काय जी?” मागून आवाज आला.

मी दचकून वळलो. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी आणि कपाळावर बारीकशी टिकली अशा एक बाई हसत उभ्या होत्या. कसे ओळखलेत, असे मी विचारले. “मशीनलाही टोमणे मारून राहिले म्हणून,” त्या म्हणाल्या, आणि पुढे होऊन त्यांनी मशीनच्या बगलेत एक सणसणीत थाप दिली. कागद निमूट बाहेर आला.

त्याच संध्याकाळी ताईंनी मला जिममध्ये बोलावून मुलींच्या बास्केटबॉल टीमचा स्कोअरर करून टाकले. मला या खेळातले ओ की ठो कळत नाही, असे मी परोपरीने सांगितले. “दोनाचा पाढा येते ना? मग झालं,” एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला. तेव्हापासून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आहे. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात लिहिण्याचा माझा अधिकार इतकाच, की ताईंचा ओरडा इतक्या जवळून आणि इतकी वर्षे दुसऱ्या कोणीही खाल्लेला नाही.

ताई मूळच्या नागपूरच्या. कॉलेजात असताना त्या बास्केटबॉल खेळल्या, आणि लग्न होऊन इथे आल्या तेव्हा सामानात दोन पातेली कमी घेऊन त्या जागी बूट आणले. यजमान इथल्या कारखान्यात इंजिनिअर होते. ताईंनी शारीरिक शिक्षणाची परीक्षा दिली आणि शाळेत बदली शिक्षिका म्हणून लागल्या. मुलींची टीम तेव्हा कोणालाच नको होती, म्हणून ती त्यांच्याकडे आली. जेमतेम पाच फुटांची ही बाई आपल्या मुलींना काय शिकवणार, अशी पालकांत कुजबुज झाली. पहिल्याच दिवशी रिंगसमोरच्या रेषेवर उभ्या राहून ताईंनी एकामागून एक इतके बॉल रिंगमध्ये टाकले, की कुजबुजणारे कंटाळून गप्प झाले. पुढे शाळेच्या कपाटात ढाली मावेनाशा झाल्या, त्याविषयी इतर मंडळी लिहितीलच.

कारखाना केव्हाच बंद पडला. यजमानही गेले. शेजारच्या राज्यात राहणाऱ्या, आयसेलिनच्या देशी दुकानांत किराणा भरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी ताईंना कितीदा तरी विनवले, “ताई, एकट्या कशाला राहता तिकडे? पार्सिपनीत या, आम्ही सगळे जवळ आहोत.” त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर होते, “येते ना बापा. पण गुरुवारची प्रॅक्टिस कोण घेईल?”

आता त्यांच्या त्या सुप्रसिद्ध रिवाजाबद्दल सांगतो. प्रॅक्टिस संपताना ताई एका मुलीला फ्री थ्रोच्या रेषेवर उभी करत. समोर अडवायला कोणी नाही, फक्त बॉल आणि रिंग. कोणाला उभी करत? जिचा तो दिवस सगळ्यांत वाईट गेला असेल तिला. बाकीच्या मुली दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या राहत, हात मागे बांधून. टाळ्या नाहीत, “यू गॉट धिस” नाही, आणि उसासे तर नाहीतच. बास्केट होईपर्यंत कोणी घरी जायचे नाही. बॉल चुकला की ताई एकच शब्द उच्चारत, “पुन्हा.” मराठीतला हा एवढा एक शब्द आमच्या गावात सगळ्यांना येतो. नाक्यावरच्या डायनरमधली वेट्रेस करपलेले ऑम्लेट स्वयंपाक्याला परत करताना “पुन्हा” म्हणाली, हे मी या कानांनी ऐकले आहे.

या रिवाजाचा सगळ्यांत जास्त प्रसाद मिळाला तो मेगनला. मेगन तेव्हा चौदा वर्षांची, ताडमाड उंच आणि स्वतःच्याच पायात अडखळणारी पोरगी होती. त्या हिवाळ्यात तिचा दिवस बहुधा रोजच वाईट जाई. एका संध्याकाळी तिचा बॉल काही केल्या रिंगमध्ये पडेना. बाहेर गाडीत वाट बघून वैतागलेले तिचे वडील, चांगले धिप्पाड ट्रक ड्रायव्हर, बुटांवरच्या बर्फासकट आत आले. त्यांचे इंग्रजी मी थोडे सौम्य करून देतो. ते म्हणाले, “कोच, माझ्या मुलीचा तमाशा लावलाय तुम्ही. बस झालं आता.”

ताईंचा आवाज चढला नाही. त्यांनी ओळीच्या टोकाला बोट दाखवले आणि म्हणाल्या, “तिथं जागा आहे. हात मागे.”

आता भांडण होणार म्हणून मी स्कोअरबुक मिटून उभा राहिलो. पण मेगनच म्हणाली, “डॅड, जस्ट स्टँड.” त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिले आणि खरोखरच ओळीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या जाकिटावरचा बर्फ वितळून जमिनीवर ओघळ आला तरी ते हलले नाहीत. शेवटी बॉल एकदाचा पडला. ताईंनी शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, “चला, घरी.” दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ गाडीत न थांबता सरळ आत येऊन उभे राहिले, आणि हळूहळू बाकीचे पालकही येऊ लागले. त्या ओळीत मी दाताचे डॉक्टर, प्लंबर आणि एकदा तर चर्चचे पाद्रीबाबासुद्धा हात मागे बांधून उभे असलेले पाहिले आहेत.

गणिताच्या माणसाला हे कसे पटावे? मी ताईंना म्हणालो, “सगळ्यांत चांगली जी खेळते तिला टाकायला सांगा ना. मिनिटात सगळे आपापल्या घरी.”

“मास्तर,” ताई म्हणाल्या, “जिचा बॉल पडते तिच्यासाठी थांबायला लोक असतातच. जिचा पडत नाही तिच्यासाठीही कोणी थांबते, हे पोरीले एकदा तरी दिसू द्या.”

मला तेव्हा ते पटले नाही आणि तसे मी तोंडावर सांगितलेही. पण फळ्याशी अडलेल्या मुलाला “बस खाली” म्हणण्याची माझी सवय त्यानंतर सुटली, हेही नमूद करायला हवे.

ताईंच्या मायेचे अनुभव इथे अनेकांना आहेत. मी माझा सांगतो. माझे वडील पुण्यात वारले तेव्हा व्हिसाचे काम अडकल्यामुळे मला जाता आले नाही. बाहेर गुडघाभर बर्फ पडला होता. सकाळी फावड्यांचा खरखराट ऐकू आला म्हणून पडदा सारला, तर ताईंची सगळी टीम माझ्या दारातला बर्फ उपसत होती, आणि त्या वाटेने ताई झाकलेले पातेले घेऊन येत होत्या. पातेल्यात वरणफळं होती. माझ्यासमोर ताट ठेवून त्या म्हणाल्या, “बोलायचं असेल तर बोला, नाही तर जेवा.” मी दोन्ही केले, आणि मध्ये मध्ये रडलोही. ताई दुपार उलटेपर्यंत बसून होत्या.

अशा या बाईंना गेल्या वर्षी, सीझन तोंडावर आलेला असताना, पक्षाघाताचा झटका आला. बोलणे लवकर सुधारले, पण उजवा हात उचलेना. टीमची जबाबदारी शाळेने मेगनवर सोपवली. तीच अडखळणारी मेगन आता आमच्याच शाळेत शिक्षिका आहे आणि काही वर्षे ताईंची मदतनीस होती. तिला काळजी टीमची नव्हती, ताईंची होती. व्यायाम केला तर हाताची शक्ती बरीचशी परत येईल, असे डॉक्टर सांगत होते. ताईंनी मात्र व्यायाम सोडून दिला होता. त्या मुलींना भेटेनात, फोन घेईनात. मी गेलो की भिंतीकडे तोंड करून म्हणत, “ज्या हातात बॉल राहत नाही त्या हाताची कोच कायची जी?” ताई जिममध्ये परत येतात की त्या खोलीतच विझून जातात, एवढाच प्रश्न आम्हां सगळ्यांपुढे होता, आणि खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती.

एके दिवशी त्यांनी जिमची किल्ली माझ्या हातावर ठेवली. “ही मेगनला देऊन टाका. माझं काम संपलं.” मी मेगनला फोन केला. ती म्हणाली, “घेऊ नका. त्यांना सांगा, किल्ली स्वतः येऊन द्यावी लागते.” मी तसे सांगून किल्ली त्यांना परत दिली. शाळेचा असला काही नियम नाही हे ताईंना ठाऊक असणार, पण पुढच्या गुरुवारी त्या मुकाट्याने माझ्या गाडीत बसल्या.

जिमचे दार उघडले. फ्री थ्रोच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ओळी लागल्या होत्या. आत्ताच्या मुली होत्या, जुन्या खेळाडू लेकरांना कडेवर घेऊन आल्या होत्या, पालक होते, आणि टोकाला मेगनचे वडील, आता पिकल्या केसांचे. सगळ्यांचे हात मागे. रेषेवर मेगन बॉल घेऊन उभी होती.

ताई दारातच थबकल्या. “हा नियम मुलींसाठी आहे,” त्या म्हणाल्या.

“नो, कोच,” मेगन म्हणाली. “ज्याचा दिवस वाईट गेला त्याच्यासाठी आहे. तुम्हीच सांगितलंय.”

ताईंनी माझ्याकडे जळजळीत नजर टाकली. “मास्तर, तुम्हांला माहीत होतं?” मी हात मागे बांधले आणि ओळीत जाऊन उभा राहिलो.

ताई काठी टेकत रेषेपर्यंत आल्या. काठी मेगनकडे दिली, डाव्या हातात बॉल घेतला आणि टाकला. तो रिंगच्या अर्ध्या वाटेवरच पडून घरंगळत गेला. मग मेगनने तो शब्द उच्चारला, अगदी ताईंच्याच सुरात, “पुन्हा.”

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले, पण हात मागे बांधलेले असल्यामुळे पुसता आले नाही. ताईंनी पुन्हा टाकला, आणि मग पुन्हा. बास्केट त्या दिवशी झाली नाही. ताईंचे पाय थरथरू लागले तेव्हा मेगनने खुर्ची पुढे सरकवली आणि आता घरी जाऊ म्हणाली. ताई उसळल्या, “नियम मोडते काय?”

“मोडत नाही, कोच. टाइमआउट घेतलाय.”

तो टाइमआउट अजून चालू आहे. दर गुरुवारी ताई जिममध्ये येतात, मुलींवर ओरडतात, मेगनचे डावपेच कसे चुकले ते मला ऐकवतात, आणि शेवटी रेषेवर उभ्या राहतात. व्यायाम आता नेमाने चालतो. किल्लीचा विषय कोणी काढत नाही. ती त्यांच्या पर्समध्येच आहे. परवाच्या गुरुवारी बॉल रिंगवर गोल फिरला आणि बाहेर पडला. त्यावर ताईंनी रिंगला जे सुनावले ते अस्सल नागपुरी होते आणि गौरव अंकात छापण्याजोगे नाही.

ताई, पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्यांना शतायुषी व्हा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी गणिताचा माणूस, मला हवेतले आशीर्वाद जमत नाहीत, म्हणून कामच नेमून देतो. डाव्या हाताने बास्केट झाली की उजवा हात उरलाच आहे, आणि तो आला की मेगनच्या नव्या मुली तुम्हांला नीट टाकून दाखवायला सांगणार आहेत. शंभरीपर्यंत एवढे काम सहज पुरावे. तब्येत सांभाळा, व्यायाम चुकवू नका आणि आमच्यावर ओरडत राहा. नियम तुमचाच आहे, बास्केट होईपर्यंत कोणी घरी जायचे नाही. आम्ही सगळे ओळीत उभे आहोत आणि आम्हांला मुळीच घाई नाही. निवांत टाका, आणि नाहीच पडला, तर पुन्हा.