मायच्या चुलीची माती

दुसऱ्यांदा नमुना लावला तरी मशीनवर हिमोग्लोबिन सहा पॉइंट दोनच आलं. समोर स्टुलावर सुनंदा बसली होती. बहादरपूरची, तेविशीतली, सातवा महिना. टेम्पोत उभी राहून आली होती आणि माझ्याशी हसून बोलत होती.

मी बुऱ्हाणपूरच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ. गरोदर बाईचं ते निदान अकरा हवं. दहाच्या वर पण अकराच्या आत असलं तर सौम्य अ‍ॅनिमिया, सात ते दहा मध्यम. सातच्या खाली तीव्र. मग बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी जिवावर बेततं. रक्त हळूहळू उतरलं की शरीराला सवय होते, म्हणून अशी बाई चालती-बोलती दिसते.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "आजच अ‍ॅडमिट करा. लोहाच्या गोळ्या घेते का?"

"रोज घेते म्हणते."

"मग हे असं का? जरा बोला तिच्याशी."

तिचा नवरा केळीच्या कटाईवर जायचा. म्हणाला, "मॅडम, अभी कटाई चालू आहे. पंधरा दिवसांनी आणतो ना."

"पंधरा दिवसांचा भरवसा मी देऊ शकत नाही, भाऊ," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

त्यानं सुनंदाकडे पाहिलं आणि मुकादमाला फोन लावायला बाहेर गेला.

रक्त चढवण्याआधी जुळणी करावी लागते. त्यासाठी नमुना घ्यायला वॉर्डात गेले, तेव्हा सुनंदा उशीखालच्या पुरचुंडीतून काहीतरी तोंडात टाकत होती.

"काय आहे गं?"

ती ओशाळली. "माती हाय ताई. मायच्या चुलीची."

तिची माय गेल्या वर्षी इच्छापूरला वारली. भावानं गॅस घेतला, चूल फोडली. हिनं त्यातलं एक ढेकूळ सासरी आणलं. आधी नुसता वास घ्यायची. चौथ्या महिन्यापासून खाल्ल्याशिवाय राहवेना.

"तोंडात ठेवली की माय जवळ बसल्यासारखी वाटते," ती म्हणाली.

अंगातलं लोह कमी झालं की काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. वर ती माती गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही. सुनंदा गोळीवर माती खात होती.

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही. मी नमुना घेतला. मग म्हटलं, "जपून ठेव. पण खाऊ नको."

"घरी ऱ्हायली तर खाईनच. तुमच्यापाशी ठेवा." तिनं गाठ घट्ट मारून पुरचुंडी माझ्या हातात दिली.

दोन पिशव्या रक्त चढलं. पुढे लोहाची इंजेक्शनं सलाइनमधून दिली. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन दहाच्या थोडं वर आलं, म्हणजे सौम्य. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

घरी जाताना सुनंदानं पुरचुंडी मागितली. एक कण जिभेवर ठेवला, आणि पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली.

"आता नुसती माती लागते, ताई," ती म्हणाली. डोळे पुसले, मुलीला उचललं आणि निघाली.

अंगात लोह भरलं की मातीची ओढ जाते. रिपोर्टवर ती सुधारणाच होती.

आता रक्त कमी आलेल्या प्रत्येक बाईला मी विचारते, जेवणाशिवाय काय खातेस? उत्तर ऐकून हसायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की बायका खरं सांगतात.