काखेतली हिरवी रेघ

उजव्या स्तनातली गाठ कर्करोगाची ठरली तेव्हा माझी श्रद्धा डळमळली, हे लपवत नाही. धास्ती मात्र गाठीपेक्षा काखेची होती. वर्तकनगरला आमच्या शेजारच्या वहिनींच्या काखेतल्या सगळ्या ग्रंथी याच आजारात काढल्या आणि त्यांचा हात कायमचा सुजला. बांगडी चढत नाही, कणीक मळवत नाही. तसा हात घेऊन जगायचं मला नको होतं.

आमच्याकडे मोठं काम देवीच्या कौलाशिवाय होत नाही. दिरांनी कोकणात, गावी, गुरवाकरवी देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावून विचारलं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुपार झाली तरी एकही पडेना. दिरांचा फोन आला, "वहिनी, देवी काय बोलत नाय. ऑपरेशन पुढे ढकलूया."

"भावोजी, बोलत नाही म्हणजे नको म्हणते असं कुठे आहे? गाठ काय तिच्यासाठी थांबणारे?"

रागातच बोलले. राग देवीवरच होता.

ठाण्यातल्या डॉक्टरबाईंनी आधीच समजावलं होतं. स्तनात एक हिरवं औषध टोचतात. ते लसिकेबरोबर, म्हणजे अंगात झिरपणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, वाहत काखेतल्या पहिल्या ग्रंथीपर्यंत जातं आणि खास कॅमेऱ्याखाली ती वाट उजळते. तेवढीच ग्रंथी काढून लगेच तपासायची. स्वच्छ निघाली तर बाकीच्या वाचल्या. वाटच दिसली नाही, तर सगळ्या काढायच्या.

ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं. आत काय घडलं ते नंतर बाईंनीच सांगितलं. टोचलं, चोळलं, पुन्हा टोचलं, तरी पडदा काळाच. शेवटी सगळ्या ग्रंथी काढायचं ठरलं, तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "थांबा, बीपी उतरलंय." सगळे थांबले. बीपी सावरेपर्यंत कुणाचं तरी सहज पडद्याकडे लक्ष गेलं, तर काखेकडे एक बारीक हिरवी रेघ सरकत होती. ग्रंथी सापडली आणि स्वच्छ निघाली. "तुमच्या अंगात सगळंच निवांत चालतं," बाई हसून म्हणाल्या.

हा चमत्कार की नुसता उशीर, हे मी ठरवत बसले नाही. त्या वेळी मी बेशुद्ध होते. ओठांवर नाम नव्हतं, नवस नव्हता, हट्ट तर नव्हताच. तरी माझं काम होत होतं. आजवर मी शरण आले म्हणायचे आणि पाठोपाठ देवीला घाई करायचे.

टाके निघाल्यावर देव्हाऱ्यासमोर बसले. हात जोडले, पण मागायचं काही सुचेना. दोन्ही मनगटं सारखीच होती. तीच बघत राहिले आणि रडू आलं.