पाचर कोणी घातली

चर्चमध्ये मास्तर रडला नाही असा रविवार क्वचितच जायचा. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. तो छापखान्यात कागद कापायचं मोठं मशीन चालवायचा आणि त्या मशीनवरच्या माणसाला तिथे मास्तरच म्हणत. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू होऊन आपापल्या पापांची क्षमा मागायची वेळ आली, की दुसऱ्या रांगेतल्या या आडव्या बांध्याच्या माणसाचे खांदे हलायला लागायचे. मागच्या बाया एकमेकींना कोपराने ढोसायच्या आणि घरी गेल्यावर नवऱ्यांना ऐकवायच्या, "त्या माणसाच्या मनाला बघा किती लागतं, नाहीतर तुम्ही." त्या नवऱ्यांचा मास्तरवर फारसा जीव नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

लोक त्याला 'संत' म्हणायचे. निम्मे थट्टेने म्हणायचे, निम्मे मनापासून. मास्तर दर वेळी "काहीतरीच काय" म्हणून मान खाली घालायचा, पण आतून त्याला ते आवडायचं, आणि आवडतं म्हणून पुन्हा लाज वाटायची. रडणं मात्र खोटं नव्हतं. इतकं खरं रडून माणूस इतका जागच्या जागी राहू शकतो, हे मास्तरकडे पाहून कळायचं.

झालं होतं ते असं. कागद कापायच्या मशीनला दोन बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली यायचं. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे पात्याखाली हात राहणारच नाही, असा बनवणाऱ्याचा हिशेब. पण त्या शहाण्याने छापखान्यातला कामाचा रेटा पाहिला नव्हता. डाव्या बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची घट्ट घडी करून पाचर मारली, की ते बटण दाबलेलंच राहायचं. मग एका हाताने गठ्ठा सरकवायचा, दुसऱ्याने उजवं बटण दाबायचं आणि काम झपाझप उरकायचं. मालकाची याला सक्त मनाई होती आणि मालकच बघून न बघितल्यासारखं करायचा. पाचर सगळेच घालायचे. ज्याने घातली त्याने मशीन सोडण्याआधी ती काढायची, एवढा एकच नियम कामगारांनी आपापसात पाळला होता.

एका दुपारी मास्तर पाचर तशीच ठेवून तोंडावर पाणी मारायला गेला. नळापाशी छपाईवाला भेटला, गप्पा रंगल्या. इकडे शेजारच्या टेबलावर पुस्तकांची शिलाई करणारा मेहुणा, म्हणजे मास्तरच्या धाकट्या बहिणीचा नवरा, अर्धवट राहिलेला गठ्ठा कापायला मशीनपाशी आला. तो बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात. गठ्ठ्याची कड सारखी करायला त्याने डावा हात आत घातला. उजवा सवयीने बटणावर टेकला होता. डावं बटण मोकळं आहे असं धरून चालला होता तो. त्याची तीन बोटं गेली.

मशीनपाशी जो सापडला त्याचीच पाचर, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मास्तर गप्प राहिला. गप्प राहणं एक वेळ समजू शकतं, माणूस घाबरतो. पण दवाखान्यात मेहुणा शुद्धीवर आला, उशाशी मास्तरच बसला होता. मेहुण्याने क्षीण आवाजात विचारलं, "दादा, पाचर मीच घातली होती का? मला काही आठवत नाही."

मास्तर म्हणाला, "हो."

मेहुण्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे कोणाला बोल लावायची सोय नाही." मास्तरने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. हे पांघरूण नीट करणंच त्याला पुढे जास्त आठवायचं.

तेव्हापासून मेहुणा छापखान्याच्या फाटकावर बसायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांना दार उघडायचं, एवढंच काम. कामगारांनी त्याचं नाव 'घाईशेट' पाडलं. "काय घाईशेट, आज निवांत?" असं म्हणत आत जायचे. तोही हसायचा. मशीन होतं त्या खोलीत मात्र तो पुन्हा पाऊल ठेवत नसे. घरी बहीण रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि बटणं लावता लावता तोंडाचा पट्टा सोडायची, "घाई, घाई. काय मिळवलं घाई करून? दादासुद्धा त्याच मशीनवर आहे ना? त्याला नाही काही होत." मेहुणा मान वर करून उभा राहायचा, म्हणजे तिला गळ्याचं बटण लावता यावं.

आणि मास्तर दर रविवारी मिस्सा झाली की त्यांच्याकडे हजर. कधी फळं घेऊन, कधी भाचीचे बूट घेऊन. नळ गळत असला तर तो दुरुस्त कर, खिडकीचं दार बसव, मेहुण्याला न्हाव्याकडे घेऊन जा. बहिणीला लहानपणापासून तो ठकी म्हणायचा. ती शेजारणींना सांगायची, "माझा भाऊ आहे म्हणून आम्ही उभे आहोत." मास्तर स्क्रू पिळत राहायचा आणि त्याचे कान गरम व्हायचे. जेवढं जास्त करावं तेवढं ती जास्त बोलायची आणि तेवढंच खरं सांगणं अवघड होऊन बसायचं.

पापकबुलीला तो जायचा, नाही असं नाही. उलट इतर कोणापेक्षा जास्त जायचा. पण कागदाच्या कडा छाटाव्यात तशी त्याने कबुलीही छाटून चौकोनी करून ठेवली होती. "माझ्या निष्काळजीपणामुळे एकाला इजा झाली." बस्स, इतकंच. म्हाताऱ्या फादरना कमी ऐकू यायचं. ते प्रार्थना म्हणायला सांगायचे, पापमुक्तीचे शब्द उच्चारायचे आणि मास्तर हलका होऊन बाहेर पडायचा. तो हलकेपणा बहिणीच्या जिन्यापर्यंत टिकायचा.

मग म्हातारे फादर निवृत्त झाले आणि नवे आले. हे कमी बोलायचे आणि ऐकताना मध्ये तोंड घालायचे नाहीत. उपवासकाळ जवळ आला तसे ते एकदा मास्तरला दारातच म्हणाले, "येत्या रविवारी चार शब्द बोलाल का सगळ्यांपुढे? पश्चात्ताप म्हणजे काय, यावर. लोक म्हणतात तुमच्याशिवाय दुसरं नाव नको."

मास्तर "बघतो" म्हणाला आणि दोन दिवस मशीनवर गठ्ठे वाकडे कापत राहिला. उभं राहून बोलायचं म्हणजे पहिल्या बाकावर ठकी बसणार, तिच्याशेजारी मेहुणा, डावा हात खिशात घालून. शनिवारी तो कबुलीच्या जाळीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला.

"फादर, ते बोलायचं दुसऱ्या कोणाला सांगा."

"का?"

मास्तरने नेहमीचं चौकोनी वाक्य म्हटलं. पलीकडे काहीच हालचाल झाली नाही. प्रार्थना नाही, मुक्तीचे शब्द नाहीत. फादर नुसते थांबले होते. त्या शांततेत मास्तरला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं आणि ते त्याला इतकं गुळगुळीत वाटलं की शिसारी आली. मग त्याने सगळं सांगितलं. पाचर सांगितली, नळापाशीच्या गप्पा सांगितल्या, आणि शेवटी दवाखान्यातला तो 'हो'ही सांगितला. तो शब्द त्याने देवापुढेसुद्धा आजवर काढला नव्हता.

फादरनी विचारलं, "तुम्हाला वाईट कशाचं वाटतं? त्यांची बोटं गेली याचं, का आपण असे निघालो याचं?"

खरं उत्तर मास्तरला ठाऊक होतं आणि ते लाजिरवाणं होतं.

"रडू येतं ते चांगलंच," फादर म्हणाले. "पण माणूस बसल्या जागी आयुष्यभर रडू शकतो. पश्चात्ताप म्हणजे चाललो होतो त्या वाटेवर थांबायचं आणि मागे वळून चालायला लागायचं. तुम्हाला देवाकडे जायचंय ना? वाटेत तुमच्या बहिणीचं घर लागतं."

"म्हणजे देव मला क्षमा करणार नाही?"

"देव कधीचा तयार आहे. तुम्ही तो 'हो' मुठीत धरून ठेवलाय. मूठ उघडल्याशिवाय घेणार कशात?"

"आणि नाही जमलं तर?"

"मी हे कोणाला सांगणार नाही, सांगूही शकत नाही. भाषणाला दुसरं कोणी बघतो."

मास्तर बाहेर आला तो फादरवर चिडूनच. महिनाभर उपास सांगितला असता तर त्याने हसत केला असता. चर्चची फरशी गुडघ्यांवर बसून घासली असती आणि चार लोकांनी बघितलं असतं तर आणखी जोरात घासली असती. हे शेवटचं त्याच्या मनात आलं आणि तो रस्त्यातच उभा राहिला. मागून येणारी सायकलवाली बाई त्याला दोन शब्द सुनावून गेली.

रविवारी तो रिकाम्या हाताने बहिणीकडे गेला. भाची बाहेर खेळायला गेली होती. ठकी ताटं वाढत होती. मेहुणा टेबलाशी बसला होता. मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभाच राहिला.

"बस ना. असा काय उभा?" ठकी म्हणाली.

"ठकी, त्या दिवशीची पाचर मी घातली होती. मी काढायला विसरलो. भाऊजींनी नाही घातली."

ठकीच्या हातातला डाव तसाच राहिला. मेहुण्याने वर पाहिलं. मग ठकीचा चेहरा मऊ झाला आणि डोळे भरून आले.

"अरे दादा, काय म्हणावं तुला," ती म्हणाली. "मी यांना बोलते ते तुला बघवत नाही, होय ना? म्हणून आता यांचं पापसुद्धा स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालास. लोक उगाच नाही तुला संत म्हणत."

मास्तर हे धरून आलाच नव्हता. शिव्या, रडारड, दाराबाहेर काढणं, सगळ्याची तयारी करून आला होता तो. आणि इथे तर सुटकेचं दार सताड उघडं होतं. त्याने सांगितलं होतं. तिने मानलं नाही तर त्याचा काय दोष? आता खाली बसायचं, जेवायचं आणि उद्या फादरना सांगायचं की मी सांगून आलो. क्षणभर, आणि हे लपवण्यात अर्थ नाही, त्याचे गुडघे बसण्यासाठी वाकलेसुद्धा.

"मी संत नाही," तो म्हणाला. "भाऊजी, दवाखान्यात तुम्ही मला एक विचारलं होतंत. आपण दोघंच होतो."

मेहुण्याचा घास ताटातच राहिला. "पाचर मीच घातली का, म्हणून."

"मला माहीत होतं, तुम्ही घातली नव्हती. तरी मी हो म्हणालो. तुम्हाला आठवत नव्हतं म्हणून म्हणालो."

आता ठकीने डाव खाली ठेवला. ती भावाकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. मेहुणा आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. असा उघड्यावर तो हात तो कधी बघायचा नाही.

"दादा," तो म्हणाला, "मी दर कबुलीला त्या पाचरीचं सांगतो. माझ्या घाईने बायकोचं, पोरीचं नुकसान केलं, म्हणतो. जुन्या फादरना सांगितलं, या फादरनाही सांगितलं. ते मी कोणाचं सांगत होतो?"

"माझं," मास्तर म्हणाला. त्याला नेहमीसारखं रडू आलं नाही. आजवर चर्चमध्ये इतकं पाणी काढलं होतं त्याने, आणि आता डोळे कोरडे ठक्क होते. नुसती लाज होती, अंगभर, आणि तिच्यात कुठेही बरं वाटत नव्हतं.

ठकी नवऱ्याजवळ जाऊन बसली. "अहो," ती म्हणाली, "मी तुम्हाला रोज सकाळी काय काय बोलत आले." तिने कपाळ त्याच्या खांद्याला टेकलं. मेहुण्याने उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला.

क्षमा करा, हे शब्द मास्तरने येताना जिन्यात तीनतीनदा घोकले होते. आता ते मागणं म्हणजे या घरातून आणखी एक गोष्ट उचलून नेण्यासारखं वाटलं त्याला. ते त्याने गिळले आणि म्हणाला, "उद्या छापखान्यात सगळ्यांना सांगतो. मालकालाही."

"मशीन काढून घेईल तो तुझ्याकडून," ठकी मान वर न करता म्हणाली. ती काळजीने बोलली की रागाने, ते तिचं तिलाच ठाऊक नसावं. "तू जा आता, दादा. पुढच्या रविवारी येऊ नकोस. ये म्हणायचं झालं तर मी सांगेन."

मास्तर दारापर्यंत गेला. कडीला हात लावला तेव्हा मागून मेहुण्याचा आवाज आला.

"उद्या कुठे सांगणार? मालकाच्या खोलीत?"

"नाही. मशीनपाशी. सगळ्यांसमोर."

"मग मला बोलवा फाटकावरून," मेहुणा म्हणाला. "मी आत येईन. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."