साहेबाची मखमली टोपी

साहेबाची टोपी मी घालवली. आई मरेपर्यंत म्हणायची, तू नव्हे, मी घालवली. पण दिली होती माझ्या हातात.

साहेब कोलशेतला खाडीच्या काठी एकटाच राहायचा. ठाण्याच्या एका गिरणीत तो इंजिनियर होता आणि माझे वडील तिथे हेडक्लार्क. इंग्रज गेले, हा राहिला. त्याला इंग्रज म्हटलेलं मात्र मुळीच खपत नसे. तो स्कॉटलंडचा, शेतकऱ्याचा मुलगा. मराठी तो गिरणीतल्या आगरी कामगारांकडून शिकला होता आणि आम्हा पांढरपेशांपेक्षा ठसक्यात बोलायचा.

तरुणपणी तो रग्बी खेळायचा. लांबट चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं, असा तो खेळ. मला तर तो हुतुतूचाच थोरला भाऊ वाटायचा. देशाकडून तो एकदाच खेळला, इंग्लंडविरुद्ध. चिखलात खांद्याचं हाड मोडलं, तरी त्याने मैदान सोडलं नाही आणि सामना जिंकला. हाड वाकडं जुळलं. पुन्हा त्याला कोणी बोलावलं नाही, म्हणून पोटासाठी तो इकडे आला. देशाकडून खेळणाऱ्याला टोपी मिळायची; त्या एका सामन्याची खूण म्हणजे ती निळी मखमली टोपी. तिच्यावर स्कॉटलंडची निशाणी म्हणून जरीचं काटेरी फूल आणि वर गोंडा. "मेलो का ही डोक्यावं घालून पुरा," असं त्याने स्वयंपाकाच्या ख्रिस्ती बाईला बजावून ठेवलं होतं.

मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या भरतकामाचा आळीत बोलबाला होता. साहेबाच्या पायांना सूज आली, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा त्याने उसवलेलं फूल नीट करायला टोपी माझ्याकडे दिली. मखमलीला कसर लागू नये म्हणून मी ती आजीच्या जुन्या जरीच्या लुगड्यात गुंडाळून ठेवली. घरात त्याहून मऊ कापड नव्हतं. अक्कल पाजळली ती तिथे.

दोन दिवसांनी दुपारी बोहारीण आली. मी शिवणाच्या वर्गाला गेले होते. आईने लुगडं काढलं, त्यातून टोपी निघाली. आईला वाटलं, माझ्या भावाची मुंजीतली टोपी. बोहारणीने आधी लहान पातेलं पुढे केलं, आईने घासाघीस करून मोठं घेतलं. मी घरी आले तेव्हा आई ते चिंचेने घासत होती, खुशीत.

मी तशीच बाहेर पडले. बोहारणी कल्याणहून यायच्या, एवढंच ठाऊक होतं. तीन दिवस मी कल्याणच्या गल्ल्या तुडवल्या. चौथ्या दिवशी ती सापडली. म्हणाली, "ताई, दोन्ही जरीवाल्यांना विकलं. चांदीसाठी लुगडं नि टोपी संगतीच जाळली त्यांनी." मी रस्त्यातच बसले. मला मरावंसं वाटत होतं.

साहेब रोज विचारायचा, "काय गो पोरी, टोपी जाली का?"

"थोडंच राहिलंय, साहेब."

तेरा दिवस मी हे खोटं बोलले. निळी मखमल आणून तशीच टोपी शिवायलाही बसले, पण ते फूल जमेना. चौदाव्या दिवशी त्याला धाप लागली होती. मी त्याच्या खाटेपाशी रडत सगळं सांगून टाकलं.

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "पातेला केवरा आला?"

"दोन शेर दूध मावेल एवढं."

त्याने हात उचलून हवेत पातेल्याचा घेर धरला, तो आपल्या डोक्याशी आणला आणि हसला. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "बरा मोठा आला गो," म्हणाला. "मना एक खांदा मोरून ती टोपी भेटली व्हती."

त्यानंतर त्याने एकदाही टोपीचं नाव काढलं नाही. मी रोज जायचे, त्याने विचारावं म्हणून थांबायचे आणि परत यायचे. आठवड्याने तो गेला. बाईने त्याचे पांढरे केस पाणी लावून विंचरले आणि त्याला तसंच, उघड्या डोक्याने पुरलं.

आई शेवटपर्यंत त्याच पातेल्यात दूध तापवायची. मी चहा बिनदुधाचा पिऊ लागले. अजून तसाच पिते.